डावीकडचा पाऊण इंच

४ फेब्रुवारी, सोमवार

कापड गिरणीवाले दर वर्षी एक जाडजूड डायरी भेट देतात आणि मी ती दर वर्षी कोणाच्या तरी गळ्यात मारते. यंदा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भुवया वर नेल्या आणि म्हणाले, "मनातलं कुठेतरी लिहीत जा, नाहीतर ते असं वर चढतं." म्हणून ही ठेवून घेतली.

आज चढायला कारणही मिळालं. वकीलबाईंचा फोन आला. माझ्या लेकीच्या, शेंगेच्या बाबाने कोर्टात अर्ज केलाय, मुलीच्या खर्चासाठी दरमहा काही रक्कम मिळावी म्हणून. आम्हाला वेगळं होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा हाच माणूस ताठ मानेने म्हणाला होता, "मुलगी माझ्याकडे राहील आणि मला तुझ्याकडून काही नको." शाळेची फी तेवढी मी परस्पर भरते. म्हटलं, आली ना गाडी शेवटी रुळावर. मागच्या महिन्यात वर्तमानपत्रात माझ्या कारखान्यावर छापून आलं होतं. एकशे चाळीस मशीन, छत्तीस शाळांचे गणवेश, मधोमध मी हाताची घडी घालून. वाचलं असणार.

"किती मागतोय?" मी विचारलं.

वकीलबाईंनी आकडा सांगितला. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तोच सांगितला. माझ्या कारखान्यात महिन्याला चहावर याहून जास्त खर्च होतो.

"मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा," त्या म्हणाल्या. "तुमची खरी कमाई त्यांच्या लक्षात आली तर दहापट मागतील."

मी सही करणार नाही. माझ्या मुलीचा महिना माझ्या कामगारांच्या चहापेक्षा स्वस्त आहे, असं कोर्टाच्या कागदावर लिहून देऊ होय?

७ फेब्रुवारी, गुरुवार

मी उलट निरोप पाठवला होता, की मागितल्याच्या दहापट देते. अटी साध्या. शेंगेला स्वतंत्र खोली हवी, शाळेत न्यायला-आणायला गाडी हवी, बंद पडलेला पोहण्याचा क्लास पुन्हा सुरू व्हायला हवा. आज उत्तर आलं. "एवढी रक्कम घ्यायची नाही."

वकीलबाई हसू दाबत म्हणाल्या, "वीस वर्षं वकिली करतेय. देणारी जास्त द्यायला भांडतेय आणि घेणारा कमी घ्यायला, हे पहिल्यांदाच बघतेय." न्यायाधीशांनाही बहुधा तेच वाटलं. त्यांनी आम्हाला मध्यस्थाकडे धाडलंय.

हा त्याचा जुना अहंकार आहे. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची बांधणी करतो, फाटकी पानं चिकटवतो, आणि आव असा की जगातलं सगळं शहाणपण त्याच्याच खळीत कालवलंय.

१० फेब्रुवारी, रविवार

शेंगेला भेटायचा दिवस, महिन्यातून एकदाच येतो. माझी लेक जन्मली तेव्हापासून लांब आणि बारीक, म्हणून शेंग. आता साडेबारा वर्षांची आहे आणि महिन्याभरात आणखी ताणल्यासारखी दिसली.

गाडीत तिरकी बसली होती, दाराला टेकून. "सरळ बस," म्हटलं. मग दुकानात घेऊन गेले. एक छान फ्रॉक घालून पाहिला, पण तो डाव्या खांद्यावरून सारखा ओघळत होता. मी दुकानदाराला चांगलं सुनावलं, की गळा कापायची अक्कल नाही आणि किंमत बघा. तो बिचारा तोंडात मूग धरून उभा राहिला. शेंग म्हणाली, "राहू दे आई, मला ढगळ शर्टच आवडतात." हे ढगळ शर्टांचं नवीनच खूळ.

पोहण्याचा क्लास का सोडला, ते परत विचारलं. "कंटाळा आला," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला कळत नाही का? बापाला फी परवडत नसणार आणि पोरगी त्याला झाकतेय. निघताना दप्तर डाव्या खांद्यावरून दोनदा घसरलं. "नीट उभी राहत जा गं, पोक काढून चालतेस," असं मी म्हटलं तर एवढंसं तोंड केलं. हल्ली काही बोलायची सोय नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मध्यस्थ बाई निघाल्या निवृत्त मुख्याध्यापिका. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग. आम्ही दोघं वर्गात बोलल्याबद्दल उभी केलेली मुलं असावीत, तसं आमच्याकडे पाहिलं.

"आकडा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी दोघांनी एकेक यादी करायची. मुलीला महिन्याभरात काय काय लागतं, सगळं लिहायचं. एकमेकांना विचारायचं नाही आणि मुलीलाही विचारायचं नाही. पुढच्या शुक्रवारी याद्यांची अदलाबदल होईल. यांची यादी तुम्ही मोठ्याने वाचायची, तुमची ते वाचतील."

मला मनातून हसू आलं. ही परीक्षा माझ्यासाठी म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात ढकलण्यासारखी आहे. चौदा वर्षं मी दुसरं काय करतेय? बारा वर्षांच्या मुलीची उंची, कंबर, बाही, स्कर्टची लांबी, वर्षाला किती वाढते, गुडघ्यावर कापड किती दिवसांत झिजतं, सगळं तोंडपाठ आहे. कारखान्याच्या भिंतीवर माझाच तक्ता लावलाय. तीनपासून सोळापर्यंतचं प्रत्येक वय त्यात आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार

यादी चार पानांची झाली. टाइप करून घेतली.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू? आधी झालं ते लिहिते.

त्याने माझी यादी वाचली. तो नेहमीच सावकाश वाचतो, एका एका शब्दाला हात लावून बघितल्यासारखा. "सकाळी दूध," त्याने वाचलं आणि थांबला. "दूध सोडून तिला वर्ष झालं. पोट बिघडतं." मग "बूट, चौतीस नंबर." "आता सदतीस लागतो." "शाळेची बस." "चालत जाते, मैत्रिणीबरोबर." कुठेही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मध्यस्थ बाई पेन्सिलीने माझ्या यादीवर बारीक खुणा करत होत्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग मी त्याची वाचली. अर्धं पान, हाताने लिहिलेलं. अंडी, पाव, फळं. वह्या. केसांना लावायच्या पिना ("हरवतात," असं कंसात). शनिवारी आइस्क्रीम, दोन. खालच्या मजल्यावरच्या काकूंना संध्याकाळी दोन तास शेंगेकडे लक्ष देण्याबद्दल. यादीच्या शेवटी होतं, "दोरा आणि सुया, स्कर्टची खालची शिवण सरळ करण्यासाठी."

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्या कारखान्याचे स्कर्ट डावीकडे वर उचललेले असतात," तो म्हणाला. "मी डावी बाजू उसवतो, थोडी सोडतो आणि पुन्हा घालतो. मग सरळ दिसतो."

"माझे स्कर्ट?"

"चालायचंच. एवढा मोठा कारखाना म्हटल्यावर होतं असं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

मला वाईट वाटेल म्हणून! चौदा वर्षांत एका शाळेची तक्रार नाही, आणि हा फाटक्या पुस्तकांचा डॉक्टर माझी शिवण सुधारतोय. मी म्हटलं, "पाठवून दे ते स्कर्ट. सगळे." मध्यस्थ बाई म्हणाल्या, आज इथेच थांबू.

एक राहिलं. वाचनालयाने बांधणी विभाग अर्ध्या दिवसाचा केलाय. त्याचा पगार निम्मा झाला, म्हणून अर्ज केला. वर्तमानपत्राचा काही संबंध नव्हता. हेही त्याने सांगितलं नाही, त्याच्या वकिलाने सांगितलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी तपासणी विभागातल्या सगळ्यांना उभं करून झाडलं. तयार मालातले दोनशे स्कर्ट टेबलावर पसरून मोजायला लावले. एकही वाकडा नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला कळत होतं, पण तोंड थांबेना.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काल पिशवी आली. आत तीन स्कर्ट, धुऊन इस्त्री केलेले. एक गेल्या वर्षीच्या सुरुवातीचा, एक मधला, एक आत्ताचा.

आज ते कटिंग मास्तरांच्या टेबलावर ठेवले. मास्तर सत्तरीचे आहेत. मी एका मशीनवर सुरुवात केली तेव्हा कात्री कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीत बसत नाही.

मास्तरांनी चष्मा वर केला, आतली शिवण बोटाने चाचपली. "पहिला पाव इंच सोडलाय. दुसरा अर्धा. तिसरा पाऊण. हात चांगला आहे हो याचा. टाका बघा, दाण्याला दाणा."

"हात राहू द्या मास्तर. आपली चूक आहे का सांगा."

"आपण ऐंशी थर एकदम कापतो, ताई. एक वाकडा म्हणजे ऐंशी वाकडे. ऐंशी पोरींच्या आया गप्प बसल्या असत्या का?"

"तेच म्हणतेय मी! त्याच्या घरची फरशीच उताराची असणार."

मास्तर तिन्ही स्कर्ट एकमेकांवर ठेवून कडा जुळवत बसले. मग म्हणाले, "तीन वेगवेगळ्या थप्प्यांचे तीन स्कर्ट, आणि डावी बाजूच तिन्ही वेळा. कापड तीनदा तीच चूक करत नाही, ताई. पोरीचं माप कधी घेतलं होतं?"

मी म्हटलं, बारा वर्षांचं माप आपल्या तक्त्यात आहे की.

"तक्त्याचं नाही विचारत. पोरीचं."

घेतलंच नव्हतं. साडेबारा वर्षांत मी तिला कधी समोर उभं करून टेप लावली नाही. वय सांगायचे, शिपाई गठ्ठ्यातून जोड काढून द्यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण फरशी बघायला रविवारी मी त्याच्या घरी जाणारच आहे.

३ मार्च, रविवार

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत लाकडी दाबयंत्र आणि त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं. फरशी सपाट आहे. मी पिशवीतून गोटी नेली होती, ठेवून पाहिली. शेंगेचा बाबा बघत राहिला.

"चल, स्टुलावर उभी राहा," मी शेंगेला म्हटलं. ती नको नको म्हणत होती. शेवटी शर्ट काढून बनियनवर उभी राहिली, हात पोटाशी घट्ट धरून.

मी टेप लावली. मानेपासून उजवा खांदा, मानेपासून डावा. खांद्यापासून जमीन, दोन्हीकडून. आकडे जुळेनात. मला वाटलं ती तिरकी उभी आहे. "सरळ उभी राहा." "उभी आहे, आई." पुन्हा घेतलं. डावा खांदा अर्धा इंच खाली. डावीकडचं कंबरेचं हाड वर आलेलं. मग मास्तर मोठ्या माणसांच्या कोटाला पाठ मोजताना सांगतात तसं तिला म्हटलं, "वाक पुढे, हात सोडून." ती वाकली आणि तिच्या पाठीची उजवी बाजू डाव्यापेक्षा वर आली.

मी हात लावला. पाठीचा कणा मधोमध सरळ जात नव्हता. माझं बोट त्याच्यावरून खाली जाताना उजवीकडे वळलं आणि पुन्हा मध्ये आलं.

शेंगेच्या बाबाने खुंटीवरचा शर्ट काढून तिच्या अंगावर घातला. "मला वाटलं स्कर्ट..." एवढंच म्हणाला.

६ मार्च, बुधवार

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे खिडकीसमोर धरून दाखवला. कण्याला अठ्ठावीस अंशांचा बाक. या वयात मुली झपाट्याने वाढतात, त्याबरोबर बाकही वाढतो. का होतो ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. दप्तराने नाही, दुधाने नाही, कोणाच्या चुकीने नाही. अंगाला घट्ट बसणारी प्लास्टिकची कडक ब्रेस करावी लागेल. दिवसातले वीस तास घालायची, वाढ थांबेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं किंवा जास्त. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर बाक वाढला नाही तर निभावलं. पंचेचाळीसच्या वर गेला तर शस्त्रक्रिया.

"कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"हिच्या," तो म्हणाला.

"याच्या," मी त्याच वेळी म्हणाले. दोघांनाही आपलं उत्तर पूर्ण खरं नाही हे माहीत होतं.

७ मार्च, गुरुवार

वकीलबाईंना कळवलं. त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, डॉक्टरांचा कागद मला पाठवा. वर्षभर मुलगी रोज डोळ्यासमोर असून बापाला दिसलं नाही. वर हाताने शिवण बदलून झाकत राहिला. यावर मुलगी तुमच्याकडे येऊ शकते. मग कसली रक्कम आणि कसलं काय."

मी म्हटलं, "अर्ज तयार करा."

हो, म्हटलं. ही वही माझी आहे, इथे तरी खोटं लिहिणार नाही. तिला माझ्याकडे आणायचं, मोठी खोली, उत्तम डॉक्टर, गाडी. दुपारभर मनात मांडे खाल्ले. संध्याकाळी रक्तदाब नेहमीपेक्षा जास्त निघाला.

९ मार्च, शनिवार

ते तीन स्कर्ट माझ्या कपाटातच होते. परत पाठवायला काढले आणि घेऊन बसले.

पुस्तक बांधायचा दोरा पांढरा आणि मेण लावलेला असतो. निळ्या स्कर्टवर तो उठून दिसू नये म्हणून त्याने दोरा शाईत बुडवलाय. धुऊन धुऊन रंग उडाला की पुन्हा बुडवलेल्या दोऱ्याने घातलेत टाके. पहिल्या स्कर्टची शिवण तीनदा उसवून तीनदा घातलेली आहे. सुईची जुनी भोकं दिसतात. म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी तो तिला स्टुलावर उभी करत होता आणि खाली गुडघ्यावर बसून कड बघत होता. दर वेळी त्याला थोडंसं जास्त सोडावं लागत होतं, आणि दर वेळी त्याने माझ्या कारखान्याला माफ केलं.

मी गेल्या वर्षभरात तिला "नीट उभी राहा" किती वेळा म्हटलं असेल?

१० मार्च, रविवार

शेंगेला बागेत नेलं. बाकावर बसलो. दोघींच्या हातात आइस्क्रीम. दोन खाते ती शनिवारी, आता मला माहीत आहे.

मी विचारलं, "तुला कळलं होतं का गं?"

तिने कांडी चोखली. "आरशात दिसायचं. मागच्या उन्हाळ्यापासून. पोहायच्या कपड्यात जास्त दिसायचं."

"मग सांगितलं का नाहीस? बाबांना तरी?"

"तुम्ही भांडत होतात ना, मला किती लागतं म्हणून," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासूनच फोनवर, माझ्या फीवरून, क्लासवरून, मग वकिलांकडून. मग बाबांनी यादी केली. टेबलावर होती, मी वाचली. अर्धंच पान होतं. मला वाटलं हे एवढं मोठं त्यात मावणार नाही. आणि मग तू म्हणशील, याला परवडत नाही, मी घेऊन जाते."

जिभेवर होतं, "मी असं कधी म्हणाले असते का?" गुरुवारी म्हणाले होते.

"बाबा शिवण घालताना मी जरा डावीकडे वाकायचे," ती पुढे म्हणाली. "म्हणजे कमी सोडावं लागावं. नाहीतर त्यांना कळलं असतं."

घरी आल्यावर वकीलबाईंना फोन केला आणि अर्ज फाडून टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, चांगली संधी जातेय. मी म्हटलं, जाऊ द्या. उगाच कोर्टाच्या तारखा कोण घेत बसणार, कारखान्यात सध्या फार काम आहे.

१५ मार्च, शुक्रवार

मध्यस्थ बाईंसमोर. मी सांगून टाकलं, "याने मागितलेला आकडा मला मान्य आहे."

त्या म्हणाल्या, "मला नाही. तो ब्रेसच्या आधीचा आहे, आणि तुमच्या चार पानांइतकाच चुकीचा आहे, फक्त दुसऱ्या बाजूने." मग त्याच्याकडे वळल्या. "मुलीने खर्चाच्या भीतीने दुखणं लपवलं. कमी मागणं हा मोठेपणा असेल, पण तो मुलीच्या पाठीवर बसवू नका."

तो मान खाली घालून बसला. पहिल्यांदाच त्याला कोणी रागावत होतं आणि मला आनंद होत नव्हता.

"आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "ज्याला दहापट द्यायचंय, त्याला आधी एकपट काय ते माहीत पाहिजे."

मग बाईंनी दोघांची कमाई शेजारी शेजारी लिहिली. माझ्या एकोणचाळीस वाट्यांना त्याचा एक वाटा पडतो. महिन्याचा खर्च त्याच्या यादीवरून धरायचा, त्यात काकूंचे दोन तास आणि घराचं अर्धं भाडं धरायचं, आणि याच प्रमाणात वाटायचा. ब्रेस, एक्सरे, डॉक्टर, सगळं याच प्रमाणात. मी म्हटलं, ब्रेसचा तो एक वाटाही मीच देते, एवढ्याशासाठी काय. तो म्हणाला, "माझा वाटा मी देणार." मी तोंड उघडलं होतं. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी मिटलं.

"आणखी काही घालायचंय?"

"हो," मी म्हटलं. "महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिच्या घरी जाऊन तिचं माप घेणार. स्वतः. ते माझ्याकडून सक्तीचं करा. मला कारखान्यात कितीही काम असलं तरी."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "पैशाच्या कागदात टेप पहिल्यांदाच घालतेय," म्हणाल्या, पण घातली.

बाहेर जिन्यात तो म्हणाला, "घराची फरशी उताराची नाही, हे लेखी हवंय का?" मी हसले. दोन वर्षांत आम्ही एका गोष्टीवर एकत्र हसलो नव्हतो.

७ एप्रिल, रविवार

ब्रेस आली. शेंग तिला "कासव" म्हणते. पहिले चार दिवस रडली, पाचव्या दिवशी मैत्रिणीला पोटावर बुक्की मारून दाखवायला लावली आणि लागत नाही म्हणून फुशारकी मारली.

कासवावरून तक्त्यातला एकही स्कर्ट बसत नाही. मास्तरांनी कोरा कागद पसरला आणि कात्री माझ्या हातात दिली. "तुम्ही कापा." एकाच मुलीसाठी एकच थर. कंबर सैल, डावीकडे लांबी पाऊण इंच जास्त, म्हणजे घातल्यावर कड सरळ दिसेल. कित्येक वर्षांनी मी स्वतः कापड कापलं. पहिला बिघडला. मास्तर म्हणाले, होतं असं, एवढा मोठा कारखाना म्हटल्यावर.

खालची दुमड मी मुद्दाम कच्ची ठेवून पाठवली. तो घालतो ती चांगली घालतो.

५ मे, रविवार

उंची अर्धा सेंटिमीटर जास्त. फरक पाऊण इंच. शेंग अंडं खात खात उभी होती, त्यामुळे टेपला डाग पडला.

२ जून, रविवार

रात्री झोपताना पट्टे टोचतात म्हणाली. कासवाच्या आत घालायला मऊ कापडाची बनियन शिवून दिली, बाजूला शिवण नसलेली. डॉक्टरीणबाईंनी पाहिली आणि अशा आणखी मिळतील का विचारलं. दर महिन्याला पन्नास देईन म्हटलं. त्या मुलींची मापं मात्र मागवून घेणार आहे.

फरक पाऊण इंच. एवढ्यात खूश व्हायचं नाही.

७ जुलै, रविवार

परवा मंगळवारी चार महिन्यांची तपासणी आहे. आठवडाभर मी कारखान्यात कोणावर ओरडले नाही, म्हणून सगळे घाबरले होते.

त्या घरी गेले तेव्हा स्टूल आधीच मध्ये ठेवलेलं होतं. कासव खुंटीवर. शेंग मी कापलेला स्कर्ट घालून स्वतःहून चढली, हात पोटाशी न धरता, सरळ लोंबते सोडून. तिचा बाबा खिडकीपाशी पुस्तक शिवत होता. सुई ओवायचं नाटक करत होता, दोरा तर कधीचा ओवलेला होता.

आधी उंची घेतली. मार्चपासून अडीच सेंटिमीटर वाढली आहे. डॉक्टरीणबाईंनी याचीच भीती घातली होती, की उंचीबरोबर तेही वाढतं. मग गुडघ्यावर बसले. उजवीकडे जमिनीपासून कडेपर्यंत मोजलं. डावीकडे मोजलं. बोट टेपवर तसंच दाबून ठेवलं आणि पुन्हा उजवीकडे गेले.

"किती, आई?" वरून आवाज आला.

मी तिसऱ्यांदा मोजलं. खिडकीपाशी सुई थांबली होती.

"पाऊण इंच कापण्यातच धरला होता. त्याच्यावर काही वाढलेलं नाही," मी म्हटलं. "दोन्हीकडे सारखं."

तो उठून आला आणि माझ्या शेजारी खाली बसला. मी टेप त्याच्या हातात दिली, त्याने स्वतः मोजलं. मग आम्ही दोघांनी मध्यस्थ बाईंनी आखून दिलेल्या महिन्याच्या मापाच्या कागदावर सही केली. खाली शेरा लिहायची जागा असते, आजवर कोरीच राहायची. आज मी लिहिलं, "मुलगी उंच झाली आहे. स्कर्टची दुमड एक इंच सोडावी, चारही बाजूंनी सारखी."